मी काढून टाकलेली ओळ

भाषेच्या बाबतीत मी नाकाने कांदे सोलणारी बाई आहे. जिन्यातल्या नोटिशीत एखादा शब्द जास्तीचा दिसला तरी माझा हात पेनकडे जातो. खारघरच्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला टाळतात ते उगाच नाही. या खोडीचा पुढे पगार मिळेल असं लहानपणी कुणी सांगितलं असतं, तर आईने देवापुढे साखर ठेवली असती.

माझं काम असं. ऐरोलीची आमची कंपनी एक सॉफ्टवेअर बनवते. ते असलं की एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात दहा-बारा कॉम्प्युटर चालतात. त्यांना ना डबा, ना बटण, पण काम खऱ्यासारखं करतात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. बटणच नसल्यामुळे त्यांना लेखी हुकूम द्यावे लागतात: सुरू हो, थांब, बंद हो. हुकूम कसा लिहायचा आणि उत्तर काय येतं, याचे नियम म्हणजे प्रोटोकॉल. ते नियम माणसाला कळतील असे लिहून काढणं आणि दर आवृत्तीला सुधारणं हे माझ्याकडे. लिहिते इंग्रजीत, पण डोक्यात मराठीच चालू असतं.

गेल्या वर्षी नवी आवृत्ती येणार म्हणून सगळी पानं तपासायला घेतली. त्यातल्या एका पानाला एक तक्रार जोडलेली होती. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात आमचं सॉफ्टवेअर चालतं. तिथल्या गेटवर आत-बाहेर होणाऱ्या कंटेनरची नोंद एका व्हर्च्युअल मशीनमध्ये होते. एका रविवारी विजेचं काम होतं म्हणून ऑपरेटरने त्या मशीनला बंद व्हायचा हुकूम दिला, ‘ओके’ उत्तर आलं, आणि तिने मोठ्या कॉम्प्युटरचा मेन स्विच बंद केला. आतलं मशीन तेव्हा अजून नोंदी लिहीतच होतं. फाइल बिघडली आणि दोन दिवसांच्या नोंदी गेल्या. यार्डातल्या लोकांना वही घेऊन उन्हात एकेक कंटेनर शोधत फिरावं लागलं.

यार्डाच्या मॅनेजरने विचारलं होतं, ‘ऑपरेटरला चौकशीपर्यंत घरी बसवलं आहे. तिने तुमचं मॅन्युअल पाळलं की नाही, एवढंच कळवा.’ आमच्याकडून उत्तर गेलं होतं: चूक वापरणाऱ्याची.

मी ते पान उघडलं. माझंच वाक्य होतं, आखूड आणि नीटनेटकं. ‘हा हुकूम मशीन बंद करतो. यशस्वी झाल्यास ओके असं उत्तर येतं.’ दोनदा वाचलं. हे खोटं होतं. ओके म्हणजे मशीनने हुकूम ऐकला, इतकंच. ते हातातलं काम आवरतं, मग बंद होतं, आणि बंद झाल्याचा निरोप नंतर वेगळा येतो. तो निरोप येईपर्यंत थांबायचं असतं.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय असती तर बरं झालं असतं. पण प्रत्येक पानाचा इतिहास आमच्याकडे जपलेला असतो: काय बदललं, कुणी, कशासाठी. मी मागे मागे गेले. पहिल्या आवृत्तीत ओळ होती: ‘ओके आलं तरी थांबा, बंद झाल्याचा निरोप वेगळा येतो.’ पाच वर्षांपूर्वी मीच ती काढली होती. निरोपांबद्दल वेगळं प्रकरण होतंच, मग इथे पुन्हा कशाला, असं मला वाटलं असणार. कारणाच्या रकान्यात मी चक्क मराठीत लिहिलं होतं, ‘फापटपसारा काढला.’ तो रकाना कुणी वाचत नाही याची मला खात्री होती.

आमचा साहेब माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, स्वभावाने चांगला. तो म्हणाला, “ओळ परत टाका ना. तक्रार बंद झालीय, आता टेन्शन कशाला घेता?”

ओळ टाकायला दोन मिनिटं लागली. त्याने मला बरं मात्र वाटलं नाही. तक्रारीत ऑपरेटरचा नंबर आणि पत्ता होता. शनिवारी नवं पान छापून घेतलं आणि रिक्षा करून जासईला गेले. ट्रेलरच्या रांगेमागे आमची रिक्षा इतकी रखडली की परत फिरावं असं दोनदा मनात आलं. धीर माझाही बेताचाच आहे.

ती तिशीची, गावातलीच. दुमजली घर, खाली भाड्याच्या खोल्या, दोरीवर भाडेकरूंचे युनिफॉर्म वाळत घातलेले. मी कंपनीची म्हटल्यावर तिने पाणी दिलं आणि एक कागद समोर ठेवला. माझं पान. प्लास्टिकच्या कव्हरात घातलेलं, पट्टी लावून ओळींखाली रेघा मारलेलं.

“दर वक्ताला यावर बोट ठेवून करतंय,” ती म्हणाली. “त्या दिवशी पन कागदावर हाय तसाच केला. ओके आला, मंग मेन बंद केला. आधी किती वेला केला, काय झाला नाय.”

आधी गर्दी नसायची, म्हणून मशीन क्षणात बंद व्हायचं. त्या रविवारी गेटवर ट्रेलरची रांग होती.

“पगाराचा नाय काय,” ती पुढे म्हणाली. “भाडा येतो, भागतो. पन त्या कॉम्प्युटरच्या खोलीत बसनारी गावची मी पयलीच बाई. आता सगली बोलतात, बाईला कॉम्प्युटर जमला नाय. माझी पोरगी शालेत आयकून येते.”

मी नवं पान पुढे केलं. तिने बोट ठेवून वाचलं, आणि त्या ओळीवर बोट थांबलं.

“ही ओल आधी का नव्हती?”

चुकून राहिली, असं म्हणता आलं असतं. तिला ते पटलंही असतं.

“होती,” मी म्हणाले. “मी काढली. मला जास्तीची वाटली.”

मला फार लाज वाटली. आयुष्यभर लोकांचे शब्द छाटत आले, त्याचा तोरा मिरवला, आणि त्यातला एक शब्द कुणाच्या तरी पायाखालची फळी होता हे मला पाच वर्षं कळलं नाही.

ती उठून आत गेली. आता दार दाखवणार असं मला वाटलं. ती ताट घेऊन आली, तांदळाची भाकरी आणि सुकटाचं कालवण.

“राग आलाय मना, खोटा कशाला बोलू,” ती म्हणाली. “पन जेवल्याशिवाय जायाचा नाय. आनि तुमी आता जे बोलल्या ते लिवून द्या.”

सोमवारी मी पत्र लिहिलं. ऑपरेटरने मॅन्युअल तंतोतंत पाळलं. चूक मॅन्युअलची आहे. ती ओळ मी काढली होती. सोबत इतिहासाच्या पानाची प्रत जोडली, फापटपसाऱ्यासकट. साहेब बराच वेळ ते पत्र वाचत बसला. त्याला वर काय काय ऐकून घ्यावं लागणार होतं ते मला दिसत होतं. मग म्हणाला, “पाठवा. खाली माझीही सही घ्या.”

तासाभरात यार्डाच्या मॅनेजरचं उत्तर आलं: ओके.

साहेबाला वाटलं, मिटलं. मला मात्र ते दोन अक्षरी उत्तर बघून स्वस्थ बसवेना. ओके म्हणजे ऐकलं, इतकंच. तिला फोन करावासा वाटे, पण काय विचारायचं? मंगळवार गेला, बुधवार गेला. मी उरलेली पानं तपासली आणि पूर्वी काढलेल्या आणखी चार ओळी परत घातल्या. पानं लांबली. लांबू देत.

पुढच्या रविवारी दुपारी चहा गाळत होते, तेव्हा फोन आला.

“मॅडम, यार्डातशी बोलतंय,” ती म्हणाली. “आज परत लायटीचा काम हाय. हुकूम दिलाय.”

मी गाळणी खाली ठेवली. “उत्तर?”

“ओके आला.”

आता निरोप यायचा होता. तिच्याकडे कुठेतरी ट्रेलर मागे घेत होते, त्याचं पीं पीं ऐकू येत होतं. इकडे चहावर साय धरली. एवढी थांबायची सवय मला नाही, पण थांबले.

“मॅडम, हाव ना?”

“आहे.”

“आला,” ती म्हणाली, आणि मग मला मेन स्विचचा खट्‌ आवाज ऐकू आला.