ग्राझिएलाचा आवाज

ग्राझिएलाच्या तोंडाला कुलूप घालणं तिच्या दोन्ही नवऱ्यांना जमलं नव्हतं. इटलीतल्या बारी शहरात तिचं केस कापायचं दुकान होतं. बायका तिथे निम्म्या केसांसाठी येत आणि निम्म्या गप्पांसाठी. मुलगी लग्न करून गेली, तसं तिने दुकान भाचीच्या हवाली केलं आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या, सील या समुद्री प्राण्यांच्या बचाव केंद्रात बिनपगारी कामाला येऊन दाखल झाली. थंडी, पाऊस, हातांना चिकटलेला हेरिंग माशांचा वास, कशालाही ती बधली नाही. उलट पहिल्याच आठवड्यात तिने केंद्रातल्या सगळ्यांचे केस कापून टाकले. कुणी सांगितलं नव्हतं.

एक नियम मात्र तिला जड गेला. पिल्लांशी बोलायचं नाही. आईपासून तुटलेली, आजारी पिल्लं इथे धडधाकट करून समुद्रात सोडतात. त्यांना माणसाचा लळा लागला, तर ती बोटींच्या मागे जाऊन हकनाक जीव गमावतात. म्हणून मासे भिंतीआडून टाकायचे, तेही मुकाट्याने. तलावापाशी ग्राझिएला तोंड शिवून उभी राही. पण तलावाला लागून असलेल्या माशांच्या खोलीत बादल्या भरताना कोण ऐकतंय, असं समजून ती सुटायचीच. गाणी, शिव्या, पहिल्या नवऱ्याची गाऱ्हाणी.

जायफळ ऐकत होतं. त्या वर्षी पिल्लांना मसाल्यांची नावं दिली होती, आणि हे ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू जायफळ. एके दिवशी केंद्रप्रमुख डेर्व्हलाने ग्राझिएलाला तलावाच्या कडेला आणलं.

"बोल काहीतरी."

"काय बोलू? आज तूच सांगतेयस?"

एवढ्यावरच जायफळ पाणी कापत आलं आणि नाक वर करून तिच्याकडे बघत बसलं.

"अगं, किती गोड!"

"गोड कसलं? डोंबल! तुझा आवाज म्हणजे मासे, हे त्याने पक्कं धरलंय. महिनाअखेरीला डॉक्टर तपासायला येतील. तोवर माणसांपासून पळायला लागलं नाही, तर रवानगी प्राणिसंग्रहालयात. जन्मभर सिमेंटची टाकी. उद्यापासून तू कपडे धुवायला जा."

"त्यापेक्षा हिला इटलीला पाठव," गाडी चालवणारा म्हातारा फिंटन म्हणाला. "अर्थात तिथूनही ऐकू येईल म्हणा."

ग्राझिएलाचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "मी बिघडवलंय, मीच सुधारणार," ती म्हणाली. "आणि गप्प बसून नाही. बोलूनच."

डेर्व्हलाने महिनाअखेरपर्यंत मुभा दिली. दुसऱ्या दिवसापासून मासे टाकताना ती दगडासारखी गप्प. पण जायफळला फळीने कोपऱ्यात रेटायचं असलं, वजनाच्या पेटीत कोंबायचं असलं, सुई टोचायची असली, की ती आपल्या ठेवणीतल्या आवाजात सुरू होई: "ये रे माझ्या राजा, ये माझ्या सोन्या!" मुलीला न्हाऊमाखू घालताना वापरलेले सगळे लाडाचे शब्द तिने त्या पिल्लाला छळताना वापरले.

"दुसऱ्या नवऱ्यालाही असंच पळवलंस काय?" फिंटनने विचारलं.

"छे! त्याला सुईची गरजच पडली नाही."

हसायची ती, पण आत तुटत होतं. आधी जायफळ चपापलं, मग लांब सरकू लागलं. शेवटी दाराबाहेर तिचा नुसता खोकला ऐकला, तरी तळाशी जाऊन बसू लागलं. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "सोडा."

सोडायच्या दिवशी वाऱ्याने वाळू उडत होती. पेटी उघडली. जायफळ बाहेर आलं, लाटांकडे गेलं, आणि बघ्यांमधली एक बाई "अय्या!" म्हणताच थबकलं. वळलं. अनोळखी आवाजाची भीती त्याला अजून नव्हती. आणि सरळ माणसांच्या दिशेने निघालं. डेर्व्हलाचा चेहरा पांढरा पडला. आत्ता ते माणसांपाशी पोचलं, तर पुन्हा पेटी, आणि पुढे ती टाकी.

ग्राझिएला वाट अडवायला फळ्या धरून उभ्या असलेल्या लोकांमधून पुढे गेली. वाळूत गुडघे टेकले, दोन्ही हात पसरले आणि जीव ओतून म्हणाली, "ये रे माझ्या राजा! ये ना!"

जायफळने दात विचकले, फिस्स केलं आणि पोटावर आपटत आपटत लाटेत घुसलं. लांबवर एकदा डोकं वर आलं. तिने पुन्हा हाक मारली. डोकं पाण्याखाली गेलं, ते मग दिसलं नाही.

"बघितलंत?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली. "कसं घाबरतंय मला! मी शिकवलंय त्याला, मी!" आणि फिंटनच्या ओल्या कोटात तोंड खुपसून ती हमसाहमशी रडली.