शेवटच्या पानावरचं नाव

आमच्या मंडळाच्या वधू-वर परिचय पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, गेली पंधरा वर्षं एक ओळ छापून येते : ‘अक्षरजुळणी : दीपमाला तायडे, अमरावती.’ पुस्तिका हातात पडली की लोक आपल्या मुलाचा नाहीतर पोरीचा फोटो शोधतात. दीपमालाताई ती उलटीकडून उघडतात.

वलगावच्या बुधाजींची ही थोरली लेक. बुधाजींनी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या आणि पोरीनं खुर्चीत बसून काम करावं हा एकच हट्ट धरला. ताई सायकलनं अमरावतीला येऊन टायपिंग शिकल्या आणि कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात वीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करत राहिल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, “दुसऱ्यायचे जमवता जमवता माहं राहूनच गेलं, बापा.”

मेळावा भरतो अकोल्याला, पण पुस्तिका तयार होते अमरावतीत, मंडळाच्या खोलीत. मी तिथं प्रुफं तपासायला जाते. यंदा सचिव खुशालरावांनी अकोल्याहून नीलम इंगळे नावाची चोवीस वर्षांची मुलगी आणली आणि शेजारच्या कॉम्प्युटरवर बसवली. “चारशे बारा फॉर्म आहेत, दोघी मिळून करा. जिचं काम जास्त, तिचं नाव शेवटच्या पानावर!” असं म्हणून ते हसले. ताई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईंच्या एकाहत्तर नोंदी झाल्या होत्या, नीलमच्या एकशे एकोणीस.

तिथून ताईंना नीलमचं सगळंच खुपायला लागलं. तिची नखं लांब होती, तिच्या डब्यातल्या भाजीला तिखट नव्हतं, आणि ती काम करताना गुणगुणायची. “पोट्टी टाइप करतच नाई, वहिनी,” त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. “नुसत्या टिचक्या मारते. आन् पान भरते!”

“विचारा ना तिला, काय करते ते.”

“मी विचारू? मी इचारू तिले?” रागात त्यांचं बोलणं निम्मं वलगावचं होतं.

विचारलं नाही, पण बघत मात्र राहिल्या. चष्मा शोधायच्या निमित्तानं तिच्या मागून चारदा गेल्या. नीलम खिडकीचं चित्र असलेली कळ दाबून धरायची आणि त्यासोबत ‘व्ही’ दाबायची. पडद्यावर छोटी चौकट उघडायची. त्यात तिनं आतापर्यंत कॉपी केलेल्या गोष्टी एकाखाली एक. हवी त्यावर टिचकी मारली की मजकूर जागेवर हजर. आमच्या ताईंना कॉपी म्हणजे एका वेळी एकच ठाऊक. दुसरी कॉपी केली की पहिली गेली. प्रत्येक फॉर्मचं ‘मु. पो. ता. जि.’ त्या नव्यानं बडवत होत्या.

पाचव्या दिवशी, दुपारी. पाचला फाइल छापखान्यात जायची होती. नीलम फोन आला म्हणून व्हरांड्यात गेली. मी प्रुफावर मान खाली घालून होते, पण डोळे काही खाली नव्हते. ताई उठल्या, तिच्या खुर्चीत टेकल्या आणि त्या दोन कळा दाबल्या. चौकट उघडली. वरच्या तीन-चार नोंदी त्यांनी वाचल्या. मग वरच्या बाजूला ‘क्लिअर ऑल’ असं लिहिलं होतं, त्यावर त्यांनी टिचकी मारली.

यादी गेली. पण सगळी नाही. पाच ओळी तशाच राहिल्या, प्रत्येकीच्या कडेला टाचणीची खूण. ताईंचा चेहरा लालबुंद झाला.

“वहिनी, इकडे या! चोट्टी पाहा ही!”

मी जाऊन वाचलं. ‘मुलीने लग्नानंतरही नोकरी करावी, ही घरच्यांचीच इच्छा.’ ‘देण्याघेण्याचा विषय काढू नये.’ ‘पहिले लग्न टिकले नाही, कारण भेटीत सांगू, लपवणार नाही.’ सगळी ताईंची वाक्यं. फॉर्मवर लोक काहीबाही लिहून आणतात, त्यांना असं नीट रूप ताईच देतात. इतक्या वर्षांत मी ती शंभरदा तपासली असतील.

“माह्येच शब्द! आन् माह्यापुढं चालली!”

एवढ्यात नीलम आली. ताई झटकन बाजूला झाल्या. नीलमनं त्याच दोन कळा दाबल्या आणि तिचा हात थांबला.

“ताई... माह्या तीन नोंदी कुठं गेल्या?”

पुनर्विवाहाच्या तीन नोंदी चुकून प्रथम विवाहांच्या फाइलमध्ये पडल्या होत्या. यादीत राहतातच म्हणून तिनं त्या तिकडून एकामागून एक कापून घेतल्या, फाइल जतन करून बंद केली, आणि पुनर्विवाहाच्या फाइलमध्ये डकवणार तोच फोन. आता त्या ना इथं होत्या, ना तिथं. “नावंबी आठवून नाई राहिले मले. खुशालराव काका काय म्हनतील?” तिचे डोळे भरून आले.

ताई गप्प बसल्या असत्या तर खुशालराव नीलमवर चिडले असते आणि शेवटचं पान ताईंचंच राहिलं असतं. मी ताईंकडे पाहिलं. ताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला.

“मी पुसलं,” त्या म्हणाल्या.

“तुमी? काहून ताई?”

“जळून. अजून काहून!”

ताईंनी फॉर्मचा गठ्ठा ओढला. पुसण्याआधी वाचलेली तीन नावं त्यांच्या ध्यानात होती. फॉर्म आणून देणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोलल्याशिवाय ताई तो घेत नाहीत, ही त्यांची जुनी रीत. “एक धामणगावची अंगणवाडीवाली. मायच आली होती, पोरीचं सांगता सांगता रडली. हा घे. दुसरा चांदूर बाजारचा मास्तर, ज्याची बायको वारली. अन् तिसरी केशरबाईची नात, तिनं फोटो बदलून दिला होता.” सहा मिनिटांत तीन फॉर्म बाहेर. टाइपही ताईंनीच केले, नजर कागदावर आणि बोटं धावत.

नीलम शेजारी उभी होती. ताईंचं ‘चोट्टी’ तिला व्हरांड्यात ऐकू गेलं होतं. मग हळूच म्हणाली, “ते वाक्य मी चोरले नाई, ताई. जुन्या पुस्तिकांतून घेतले. यापेक्षा बरं मले लिहिताच येत नाई. म्हनून पिन करून ठेवले, कॉम्प्युटर बंद केला तरी जाऊ नये म्हनून.”

फाइल पाचला पाच कमी असताना गेली. शेवटच्या पानावर ताईंनी स्वतःच्या हातानं दोन नावं टाइप केली, आधी स्वतःचं, मग नीलमचं.

मेळाव्यानंतर मी खोलीत गेले, तर नीलम ताईंना शिकवत होती. “कापायचं नाई ताई, कॉपी करायचं. डकवलं की मंगच जुनं खोडायचं. यादीत पंचवीसच राहतात, जुनं आपोआप जाते. लागनारं असन त्याले टाचणी मारा.”

“तू कापलं होतं ना!”

“मंग काय, शिकली न मी!”

नीलम चहा सांगायला गेली, तशी ताईंनी मला खुणेनं बोलावलं. त्यांच्या यादीत टाचणी मारलेली एकच ओळ होती. ‘अक्षरजुळणी : दीपमाला तायडे, अमरावती.’

“हे काय, ताई? आणि नीलम?”

“तिचं तिनं टोचून घ्यावं,” ताई म्हणाल्या. “शिकवाले तर तीच आली न मले.”