पाइपाची आतली बाजू

निपाणीकडच्या एका साखर कारखान्यात आम्ही वाफेची लाइन टाकत होतो. पुरवठादारानं आणलेल्या पाइपांवर ‘ए-१०६’ असं छापलं होतं. हा ग्रेड बिनजोडाचा असतो. स्वस्तातल्या ए-५३ला जोड असला तरी चालतो. अक्षरं मला जरा जास्तच ताजी वाटली. मी शहापूरच्या विणकराच्या घरातला, साडीसुद्धा आधी उलटी करून बघणारा. पाइपात बोट घालून गोल फिरवलं, तर जोडाची बारीक कड लागली. माझं डोकंच फिरलं.

“अण्णा, सर्टिफिकेट हाय की!” पुरवठादार म्हणाला.

“ते घाल चुलीत. वाफ सोडताना ह्या पाइपाला टेकून हुबा ऱ्हातोस काय रं?”

तो हसला, पण हसता हसता मागं सरला. पाइप तर अजून रिकामाच होता.