कोरगावच्या उतारावर बंद पडलेलं इंजिन

ती घटना आठवली की आजही माझ्या मस्तकात तिडीक उठते. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन काही वर्षं झाली. खून, दरोडे, समुद्रकिनाऱ्यावरचे गांजाचे धंदे, सगळं पाहिलं; त्यातलं बरंचसं विसरलोही. हे प्रकरण मात्र विसरता येत नाही.

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात माझी नेमणूक होती. काजूचा हंगाम चालू होता. कोरगावची एक बाई काजूच्या बिया पिशवीत भरून म्हापशाच्या बसची वाट पाहत थांब्यावर उभी होती. उतारावरून एक आलिशान परदेशी मोटार आली, वळणावर वळलीच नाही, आणि थांब्यात घुसली. बाई जागीच गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा बिया रस्ताभर सांडल्या होत्या आणि मोटारीचा चालक त्यांच्यातच बसून होता. पळून गेला नव्हता, हे मी तेव्हाच मनात नोंदवलं. चूक केलेला माणूस बहुधा आधी पळतो, मग रडतो.

चालक सिंधुदुर्गातला, पन्नाशी उलटलेला. उमेदीची वर्षं डिचोलीच्या खाणींवर खनिजाचे ट्रक हाकण्यात गेलेली. खाणी बंद पडल्यावर एका हॉटेलमालकाकडे नोकरीला लागला होता. ठाण्यात आणल्यावर तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता.

"सायबानू, इंजिन आधी खडखडला आणि मगे एकदम गप झाला. ब्रेक पयलो लागलो, मगे पाय दगडार ठेवल्यासारखो झालो. स्टेअरिंग फिरूकच नाय."

तेवढ्यात मयत बाईची मुलगी ठाण्यात आली. म्हापशाला औषधाच्या दुकानात काम करणारी, पंचविशीची. महिला शिपायाने धरलं नसतं तर तिने त्याला ओरबाडलं असतं.

"माझ्या आवशीक मारलंस तू! कोणाची गाडी मिरवूक गेलंलंस?"

चालकाने तिच्यापुढे हात जोडले.

निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल झाला. दारूची तपासणी निरंक आली. मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी पाहिली. ब्रेकच्या यंत्रणेत दोष नाही, असा अहवाल दिला. इंजिन जाम झालेलं होतं, पण ते धडकेमुळे झालं असावं असं सगळ्यांनी धरलं. मालकाने चालकाला नोकरीवरून काढलं आणि मला फोनवर सांगितलं, "साहेब, ट्रकवाला तो. त्याला एवढ्या भारी गाडीची अक्कल कुठली?" त्या आठवड्यातल्या एका पार्टीत दोन-चार मोठ्या लोकांनीही मला हेच वाक्य ऐकवलं. ज्यांनी त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्यांना त्याची अक्कल मात्र ठाऊक होती! त्या दिवसांत मला जेवण गोड लागत नव्हतं.

मग एका दुपारी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज. नाव सांगायला तयार नव्हती. "शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भेटते, पण वर्दीत येऊ नका," म्हणाली.

साध्या कपड्यांत गेलो. फुलांच्या ओळीपाशी ती भेटली. जुन्या आलिशान मोटारी विकणाऱ्या एका डीलरच्या शोरूममध्ये ती विक्रीचं काम करायची. अपघाताची बातमी वाचून तिने नोकरी सोडली होती. कोरगावची गाडी हॉटेलमालकाला तिनेच दाखवली होती.

"आत दुसरंच इंजिन आहे, साहेब. नव्या गाडीत जुनं बसवतात. गिऱ्हाईक यायच्या आधी आम्ही गाडी गरम करून ठेवायचो. थंड इंजिन गिऱ्हाइकासमोर चालू करायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. सकाळी ते असं खडखडायचं की दाराची काच थरथरायची."

"अशा गाड्या आणखी आहेत?"

"आहेत ना. एक डिचोलीच्या डॉक्टरीणबाईंकडे आहे. त्या लेकीला रोज त्यातून शाळेत सोडतात." एवढं बोलून ती रडायला लागली.

मी बाजारातूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि गाडी जागची हलवू नका म्हणून सांगितलं. पुढच्या कामासाठी ती गाडी टेम्पोवर चढवून ठाण्याच्या आवारात आणली.

गाडीच्या कंपनीला रीतसर पत्र पाठवलं. त्यांच्या अभियंत्याने येऊन मला त्या इंजिनाचं सगळं घराणंच समजावून दिलं. पहिल्या पिढीचं इंजिन बिडाचं, वजनदार, पेट्रोल पिणारं, पण लाखो किलोमीटर न कुरकुरता चालणारं. दुसऱ्या पिढीत ते हलकं आणि ताकदवान केलं. त्या नादात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखणारी टायमिंगची चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला नेली आणि तिला वळण देणाऱ्या पट्ट्या प्लॅस्टिकच्या केल्या. त्या पट्ट्या झिजतात, चेन सैल होते, खडखडते, आणि एके दिवशी सुटते. पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन चालत्या गाडीत मरतं. स्टेअरिंग जड होतं. ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते. दुरुस्तीसाठी अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं, म्हणून लोक ते भंगारात देतात.

"आम्ही ती चूक मान्य केली," अभियंता म्हणाला. "तिसऱ्या पिढीत पट्ट्या बदलल्या, चेन बदलली, तेलाचा मार्गही बदलला. ते इंजिन भरवशाचं आहे. वरचं झाकण लावलं की दोन्ही सारखीच दिसतात."

शोरूमवालीचं आणि अभियंत्याचं बोलणं जुळवल्यावर डीलरचा धंदा उघड झाला. पुरात बुडालेल्या तिसऱ्या पिढीच्या गाड्या तो स्वस्तात उचलायचा आणि त्यांत दुसऱ्या पिढीची भंगारातली इंजिनं बसवायचा. खडखड दबावी म्हणून आत घट्ट ऑइल ओतायचा. पण प्रश्न फसवणुकीपुरता नव्हता. इंजिन रस्त्यात मरू शकतं हे त्याला माहीत होतं का? माहीत असेल, तर गुन्हा सदोष मनुष्यवधाचा होत होता.

चौकशीला बोलावलं तेव्हा तो वकिलाला घेऊन आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, अत्तराचा घमघमाट. खुर्चीत असा बसला, जणू मीच त्याच्याकडे गाडी बघायला आलो होतो.

"यंत्र आहे साहेब, केव्हा बिघडेल कोण सांगणार? देवाची करणी. आणि तो ड्रायव्हर तर ट्रकवाला."

पुन्हा तेच वाक्य. माझी मूठ टेबलाखाली वळली. पण रागावलेल्या अधिकाऱ्याला आरोपी सहज खेळवतो, म्हणून मी आवाज चढवला नाही. उठलो आणि दोघांना आवारात नेलं. डॉक्टरीणबाईंची गाडी आणल्यापासून तिथेच उभी होती. इंजिन गारठलेलं होतं.

"ही तुम्हीच विकलेली ना?"

"हो. एक नंबर गाडी."

मी किल्ली पुढे केली. "चालू करा. कोरगावच्या उतारावर एक फेरी मारून येऊ."

त्याने किल्ली घेतली नाही. म्हणाला, बॅटरी उतरली असेल. मी म्हटलं, नवी बसवली आहे. म्हणाला, चष्मा आणला नाही. चष्मा त्याच्या नाकावर होता. आमचा हवालदार खोकला.

"बरं, मी चालवतो. तुम्ही नुसते शेजारी बसा," मी दार उघडून म्हणालो.

तो एक पाऊल मागे सरला. "नको साहेब."

"का नको? एक नंबर गाडी आहे ना?"

"उतारावर नको. चेन सुटली तर?"

वकिलाने त्याचा दंड दाबला, पण शब्द बाहेर पडून गेला होता. तोवर आम्ही एकही इंजिन उघडलं नव्हतं. चेन हा शब्द त्याच्यासमोर कोणी उच्चारला नव्हता.

तेव्हा माझा ताबा सुटला. "डॉक्टरीणबाईंची लेक रोज यात बसत होती! तू एक फेरी बसायला तयार नाहीस, आणि ती पोर?" मी ओरडलो ते ठाण्याबाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू गेलं म्हणतात.

पोलिसासमोरची कबुली न्यायालयात उभी राहत नाही, हे मला ठाऊक होतं. पण खणायचं कुठे ते कळलं होतं. पंचांसमक्ष कोरगावच्या गाडीचं इंजिन उघडलं. चेन सुटलेली होती, पट्ट्यांचे तुकडे तेलात पडले होते. इंजिनाचा मूळ क्रमांक घासून नवा ठोकला होता. डीलरच्या गोदामात आकडे ठोकायचे साचे सापडले आणि त्याच्या मिस्त्रीने दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला: चेन सुटेल असं त्याने डीलरला बजावलं होतं, आणि डीलर म्हणाला होता, "आपल्या दारातून बाहेर पडेपर्यंत टिकली की झालं."

ते वाक्य वाचून मी कागद टेबलावर आपटला होता.

बाकीच्या गाड्या शोधून रस्त्यावरून हटवल्या. डीलरवर सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. तो जामिनावर सुटला, वर्षानुवर्षं तारखा घेत राहिला, पण शेवटी शिक्षा झाली. चालकाचं नाव मात्र त्याच्या कितीतरी आधी, कलम लागलं तेव्हाच, गुन्ह्यातून वगळलं गेलं होतं. त्या दिवशी मयत बाईची मुलगी ठाण्यात आली. चालक बाहेरच्या बाकावर बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, मी तुमका नको ता बोललंय."

तो म्हणाला, "आवस गेली तुझी, बाय. तू बोलतलंसच."

दोघंही रडली. परवाना परत मिळाला, तरी त्याने पुन्हा गाडी हातात धरली नाही. गावी जाऊन शेती करतो, असं नंतर कळलं.

ज्यांनी ते इंजिन घडवलं त्यांच्याकडून चूक झाली, ती त्यांनी कबूल केली आणि पुढच्या पिढीत काढून टाकली. या डीलरने तीच चूक भंगारातून उचलून, पुसून, चकचकीत झाकणाखाली पुन्हा बसवली आणि दोष टाकला गरीब चालकाच्या अकलेवर. या प्रकरणाने मला एक धडा दिला. "अपघात" हा शब्द मी त्यानंतर कुठल्याही कागदावर विचार केल्याशिवाय लिहिला नाही. ज्याला आधीपासून ठाऊक असतं, त्याच्या हातून अपघात होत नाही. त्याच्या हातून माणूस मरतो.