कांदेपोह्यांच्या वेळी मी वारले

मी एकदा स्वतःलाच मारून टाकलं. फोनवर, हातात कांदेपोह्यांची बशी धरून.

ऐन तिशीत मला स्तनाचा कॅन्सर झाला होता. तेव्हापासून बडोद्यातल्या एका डॉक्टरबेनच्या अभ्यासात माझं नाव होतं. इतक्या कमी वयात हा आजार झालेल्या बायका पुढे किती वर्षं आणि कशा जगतात, हे त्या बघत होत्या. दरवर्षी फोन यायचा. हात सुजतो का, झोप लागते का, वजन किती. वजन मी दरवर्षी जरा कमीच सांगायची. संशोधनाला तेवढं चालतं, अशी माझी समजूत.

दांडिया बाजारातल्या आमच्या घराबाहेर मात्र यातलं कुणाला काही ठाऊक नव्हतं. आईला झाला म्हणून लोक लेकीला नाकारतील, या धास्तीनं मी तोंड शिवून बसले होते. लेक मोठी झाली, पाहुणे बघायला आले, मी पोहे देत होते आणि फोन वाजला. कुणी नवीनच मुलगी होती. माझं नाव घेऊन म्हणाली, "त्या आहेत का? कॅन्सरच्या अभ्यासासाठी बोलायचं होतं." समोर होणाऱ्या विहीणबाई. "नंतर करा" म्हणायला काय झालं होतं? पण तेव्हाची मी म्हणजे अकलेचा खंदकच. म्हणाले, "त्या वारल्या." आणि फोन ठेवला.

"कोण हो?" विहीणबाईंनी विचारलं.

"आमची जुनी शेजारीण."

"अरेरे. वय काय होतं?"

"माझ्याएवढंच."

त्या बिचाऱ्यांनी हळहळून बराच वेळ पोह्यांना हात लावला नाही. लग्न ठरलं आणि आपण किती हुशार, म्हणून मी स्वतःवरच खूश.

पुढच्या आठवड्यात दारात डॉक्टरबेन उभ्या. पांढरी साडी, पडलेला चेहरा. बेसण्याला, म्हणजे गुजरात्यांच्या शोकबैठकीला, यायला उशीर झाला म्हणून ओशाळलेल्या. दार आमच्या यजमानांनी उघडलं.

"फार वाईट झालं, भाई," त्या म्हणाल्या. "शेवटी त्रास झाला का त्यांना?"

माझा पराक्रम मी यजमानांना त्याच रात्री सांगितला होता. ते शांतपणे म्हणाले, "बसा. तिलाच चहा टाकायला सांगतो."

मी पिठाच्या हातांनी बाहेर आले. डॉक्टरबेन हसतील असं वाटलं होतं. त्या मटकन सोफ्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, आणि मग मला जे बोलल्या ते इथे लिहीत नाही. गुजरातीत इतकं झणझणीत बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

राग ओसरल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. बडोद्याजवळच्या छाणीतली एक मुलगी, पदरात तान्ही लेक, नुकताच हाच आजार निघालेला. दर खेपेला डॉक्टरबेनना विचारायची, "त्या बाई आहेत ना अजून?" नाव ठाऊक नव्हतं तिला. एक बाई आपल्याच वयात आजारी पडली आणि आता लेकीसाठी स्थळं बघतेय, एवढ्यावर ती इंजेक्शनं सोसत होती. या वेळी डॉक्टरबेनना खोटं बोलवेना. त्यांनी सांगून टाकलं. आता ती म्हणत होती, उपचार बस झाले. दुसऱ्या दिवशी तिचं पुढचं इंजेक्शन होतं.

विहीणबाईंना खरं सांगायला मला पुढे महिना लागला. "म्हणजे ते पोहे मी उगाच गार केले," एवढंच त्या म्हणाल्या. आमच्या दोघींच्या नातवाला आता शाळेतून मी आणते. पण त्या दिवशी घाई वेगळीच होती. हात धुतले आणि डॉक्टरबेनच्या गाडीत बसून थेट छाणीला गेले.

मुलगी लेकीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. डोक्याला रुमाल. "ह्याच त्या," डॉक्टरबेन म्हणाल्या, आणि मी काय केलं होतं तेही त्यांनी न लपवता सांगितलं. मी मान खाली घालून उभी. मुलगी उठली. बाजारात दुधी बघावा तसा तिनं माझा दंड दाबून बघितला. मग म्हणाली:

"मावशी, तुम्ही गेलात ऐकून मी हिचे फ्रॉक कुठे ठेवलेत ते बहिणीला दाखवून ठेवलं होतं. उद्या येते मी इंजेक्शनला. पण पुन्हा कधी मरायचं झालं, तर आधी मला विचारा."