डोळा नसलेला रेडिओ

नांदुऱ्यात स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर इंद्रभान तायडेचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. रेडिओ दुरुस्त झाला की इंद्रभान त्याच्या लाकडी पेटीवर उजवा तळहात टेकवायचा, डोळे मिटायचा आणि थोडा वेळ तसाच उभा राहायचा. मग म्हणायचा, "न्या. बरा झाला."

गिऱ्हाइकांना वाटे, ही त्याची ऐट आहे. पण ती ऐट नव्हती. एकोणीसशे सत्तर साल उजाडलं तेव्हा इंद्रभानचा उजवा कान पार गेलेला होता आणि डावा जात होता.

उमेदीची नऊ वर्षं त्यानं कापसाच्या जीनमध्ये काढली होती. कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांची ती लांबच लांब रांग सुरू झाली की शेजारच्या माणसाशी बोलायलाही त्याच्या कानाला तोंड लावावं लागे. रेडिओचं काम तो सुटीच्या दिवशी खामगावच्या एका मिस्त्रीकडे जाऊन शिकला आणि जीन सोडून त्यानं दुकान मांडलं. वस्तीला त्याचा अभिमान होता. ज्या घरांमध्ये त्याला ओसरीच्या वर कुणी बोलावत नसे, त्या घरांचे रेडिओ त्याच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडत.

कान जाऊ लागले तरी दुकान चाललं, ते त्या लाकडी पेट्यांमुळे. व्हॉल्व्हचा रेडिओ बहिऱ्या माणसाशीही बोलतो. बटण फिरवलं की काचेच्या व्हॉल्व्हमध्ये आधी बारीक लाल तार दिसू लागते, मग हळूहळू ऊब येते, मग तापलेल्या धुळीचा वास. एखादा व्हॉल्व्ह गेला असेल तर तो काळाच राहतो, हाताला गार लागतो. भारी सेटला काचेमागे एक हिरवा डोळा असे. स्टेशन नीट लागलं की त्या डोळ्याच्या दोन पाकळ्या एकमेकींना भिडत. आणि शेवटी लाकूड. आत नुसती घरघर असेल तर तळहाताला एकसारखी थरथर लागे. माणूस बोलत असेल तर ती थरथर चढे, उतरे, मध्येच थांबे. इंद्रभानचा तळहात एवढं नक्की ओळखायचा.

म्हणूनच कुणी विचारलं, "दादा, कोणता घेऊ?" तर त्याचं उत्तर ठरलेलं असे. लाकडी पेटी घ्या, ट्रान्झिस्टर घेऊ नका. शाळेचे हेडमास्तर भगवंतराव गावभर सांगत, की इंद्रभानचा शब्द म्हणजे शिक्का. इंद्रभान पेटीच का सांगतो, हे कुणाला माहीत नव्हतं. जनकाबाईला तेवढं माहीत होतं.

जनकाबाई त्याची बायको. एकदा एक ट्रान्झिस्टर त्यानं बरा झाला म्हणून दिला आणि तो खरखरत परत आला. त्या दिवसापासून ती सूप घेऊन दुकानाच्या उंबऱ्यात तूर निवडायला बसू लागली. आवाज स्वच्छ असला की तिचा हात सुपात फिरत राही. खरखर आली, स्टेशन सरकलं, की हात थांबे. इंद्रभान टेबलाशी बसून तिच्या हाताकडे बघत बटण फिरवायचा. हे असं करू, असं दोघांमध्ये एकदाही बोलणं झालं नव्हतं. ती बसू लागली, तो बघू लागला.

ट्रान्झिस्टर टाळता येत नव्हते. नांदुऱ्यात वीज होती. आसपासच्या खेड्यांमध्ये नव्हती. सोनाळ्याचा दयाराम त्या भाद्रपदात आपला ट्रान्झिस्टर गळ्यात अडकवून आला, तोच मुळी भांडायच्या तयारीनं. दयारामचा आवाज असा दणदणीत होता, की तो इंद्रभानच्या डाव्या कानाला अजून ऐकू येई.

"मागच्या वक्ताले तुम्ही म्हणे, पेटी घे. दादा, तुमची पेटी सोनाळ्यात नेऊन काय करू? लाईन नाही. तिले खायले काय घालू, कडबा?"

"कडबा नको घालू, पण थांबायले शिक," इंद्रभान म्हणाला. "पेटी आधी तापते, मंग बोलते. तुह्या या डब्यानं कान पिळला का बोंबलला. त्याले इचार नाही."

"इचार नसू द्या. वावरात येते माह्यासंगं, वखरावर टांगतो. तुमची पेटी आणाले बैलगाडी जुपा लागते."

"अन् पाण्याचा एक थेंब गेला तं?"

"मेला तं मेला. चार सेल टाकतो, उठून बसते. तुमच्या पेटीचा एक काच फुटला तं मुंबईहून आणा लागते, खरं हाये का नाही?"

खरं होतं. उंबऱ्यात जनकाबाई हसली. इंद्रभानही हसला आणि त्यानं ट्रान्झिस्टर ठेवून घेतला. रात्री जेवताना तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "दया चुकीचं नाही बोलला. पण त्या डब्याले डोळा नाही." जनकाबाईनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. तिला समजलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं उतरलेल्या लोकांनी बातमी आणली, की तिकडे बल्लारशाच्या बाजूला एका कोळशाच्या खाणीत पाणी शिरलं. कोणत्या खाणीत, किती माणसं, ते कुणालाच धड सांगता येईना. मागच्या गल्लीतली झुंबरबाई भाजी विकायची. नवरा मागंच वारला होता. एकुलता एक सोपान वर्षापूर्वी त्याच बाजूला खाणीवर कामाला लागला होता. टोपली अर्धी भरलेली तशीच टाकून ती इंद्रभानच्या दुकानाशी येऊन बसली.

"संध्याकाळच्या बातम्या लावजो रे बाप्पा. नावं सांगतीन म्हणते."

रस्त्याच्या पलीकडे हॉटेलात सेलवरचा रेडिओ होता, पण तिथे बायका जात नसत. इंद्रभानच्या दारात हळूहळू वीस-पंचवीस माणसं जमली. त्यानं हिरव्या डोळ्याचा भला मोठा सेट टेबलावर मधोमध ठेवला, नागपूर लावलं, पाकळ्या भिडल्या. बातम्यांना थोडा वेळ उरला असताना वीज गेली. हिरवा डोळा बारीक होत होत विझला.

"दयारामचा डबा हाये ना," गर्दीतून कुणी तरी म्हणालं. त्याचं काम झालेलंच होतं. इंद्रभाननं सेल टाकले. जनकाबाईनं कंदील लावून उंबऱ्यात ठेवला, त्याच्या उजेडात सूप मांडीवर घेतलं. आज कशाला तूर निवडते, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते कुणी बोललं नाही. इंद्रभान तिचा हात बघत बघत बटण फिरवू लागला. हात थांबलेला, थांबलेला, मग फिरू लागला. नागपूर लागलं होतं. त्यानं बोट उचललं.

बातम्या सुरू झाल्या. झुंबरबाई टेबलाच्या पायाशी बसली होती. आधी दिल्लीचं काही, मग मुंबईचं काही. मग निवेदकानं खाणीचं नाव घेतलं. तेच नाव. सोपानच्या पोस्टकार्डावर असायचं ते. पोस्टकार्डं झुंबरबाईला जनकाबाईच वाचून दाखवायची.

जनकाबाईचा हात सुपातच थांबला.

इंद्रभाननं तो थांबलेला पाहिला. स्टेशन सरकलं. त्यानं बटणाला बोट लावलं आणि फिरवलं.

"अरे!"

"काऊन फिरवलं बे?"

"दादा, नावं! नावं सांगून राह्यला तो!"

इंद्रभान हाताकडेच बघत होता. हात हलत नव्हता, म्हणून तो आणखी फिरवत गेला, सावकाश, नीट, आपल्या कामाला शोभेल तसा. मागून कुणी तरी ओरडलं, "भयरा हाये का बे तू?" इंद्रभाननं सगळ्यांकडे बघून चेहऱ्यावर धीर देणारं हसू आणलं. आत्ता लावतो, असं सांगणारं. मग झुंबरबाईनं त्याचा दंड धरला. तिचं उघडं तोंड त्याला दिसलं. त्याच क्षणी जनकाबाईनं सूप टाकून दिलं.

कुणी तरी ट्रान्झिस्टर हिसकून घेतला. नागपूर पुन्हा सापडलं तेव्हा कापसाचे भाव चालले होते. एक जण हॉटेलाकडे धावला. तिथे सिलोनची गाणी लावलेली होती.

नागपूरकडे जाणाऱ्या गाडीला तेव्हा तासाभराचा अवकाश होता. झुंबरबाई त्या गाडीनं गेली नाही. कशाच्या भरवशावर जाणार? नाव आलंच नसेल, असं बायकांनी तिला समजावलं, आणि तिनंही ते रात्रभर धरून ठेवलं. सकाळच्या बातम्यांमध्ये नुसता आकडा आला. दुपारी चारला तार आली. ती तिथे पोचली तेव्हा सोपानला माती देऊन झाली होती. पाण्यातून काढलेलं शरीर ठेवता येत नाही, असं तिला सांगण्यात आलं. त्याची पत्र्याची पेटी घेऊन ती परतली.

गावात चार दिवस तीच चर्चा होती. पाचव्या दिवशी भगवंतराव दुकानात आले, खुर्ची जवळ ओढून इंद्रभानच्या डाव्या बाजूला बसले आणि वर्गात बोलावं तसं मोठ्यानं म्हणाले, "तुझं मोठेपण आहे, इंद्रभान. आईच्या कानावर तसं पडू दिलं नाहीस. दुसऱ्या कुणाला ते सुचलं नसतं."

इंद्रभाननं अर्धं ऐकलं, अर्धं ओठांवर वाचलं. मागे उभ्या दोघांनी माना डोलावल्या. गावानं आपसूक ते तसं ठरवून टाकलं होतं: दादानं मुद्दाम फिरवलं. त्यानं नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की नाव राहणार होतं, दुकान राहणार होतं. भगवंतराव गेले. जाताना शाळेसाठी घ्यायच्या सेटबद्दल त्याचं मत विचारून गेले.

दोन दिवस तो गप्प राहिला. त्या दोन दिवसांत तीन गिऱ्हाइकं आली, तिघांनीही आदरानं बोलून रेडिओ ठेवले. जनकाबाई सूप घेऊन बसायला आली नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं तिला विचारलं, "तसंच राहू देऊ का? लोकं म्हणते ते?" तिनं आपला हात त्याच्यापुढे धरला. तिच्याच हाताकडे बघून त्यानं बटण फिरवलं होतं. तिच्याइतकं हे कुणाला ठाऊक असणार? तो उठला, पायांत चपला घातल्या. तीही मागोमाग निघाली.

झुंबरबाई दारातच बसली होती. भाजीची टोपली पालथी घातलेली. तिनं त्याला पाहून पदर सारखा केला. लोकांची समजूत तिच्याही कानावर आलेली असावी, कारण तिनं हात जोडले.

"वहिनी, हात नका जोडू," इंद्रभान म्हणाला. त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा आला. हल्ली त्याला आपला आवाजही नीट मोजता येत नसे. शेजारच्या दारांमध्ये माणसं उभी राहिली. "म्या मुद्दाम नाही फिरवलं. मले ऐकू येत नाही. दोन-अडीच वर्ष झाले. हिचा हात पाहून रेडिओ लावतो मी. त्या दिवशी हिचा हात थांबला, मले वाटलं खरखर आली."

झुंबरबाईचे जोडलेले हात तसेच राहिले. मग ते खाली आले. ती बोलू लागली. बराच वेळ बोलत होती; ओठ भरभर हलत होते आणि त्याला त्यातला एकही शब्द पकडता येईना. ती रडत नव्हती. बोलून झाल्यावर ती उठली, आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

गल्लीच्या तोंडाशी इंद्रभान थांबला. "काय म्हणे?"

जनकाबाई पुढे चालू लागली. त्यानं तिचा हात धरला. "सांग. काय म्हणे ते?"

तिनं आजूबाजूला पाहिलं, मग त्याच्या डाव्या कानाला तोंड लावलं.

"म्हणे, आधी सांगितलं असतं तं मी लाज सोडून हॉटेलात गेली असती. लेकराचं तोंड पाहाले भेटलं असतं."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं ते मलकापूरचं होतं. त्याला गावातलं काही माहीत नव्हतं. त्यानं ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवला. इंद्रभाननं त्याला हात लावायच्या आधी सांगितलं, "मले ऐकू येत नाही."

त्या माणसाला वाटलं, आपण हळू बोललो. तो मोठ्यानं म्हणाला, "नागपूर लागत नाही!"

"ऐकू येत नाही मले," इंद्रभान पुन्हा म्हणाला, आणि ट्रान्झिस्टर दोन्ही हातांनी त्याच्यापुढे सरकवला.