पुठ्ठ्याचं दार

माझे वडील सुतार. तामलवाडीजवळच्या आमच्या गावात निम्म्याहून अधिक घरांची दारं त्यांच्या हातची. मी लहान होते तेव्हा लाकूड गावातच मिळायचं. कुणी बांधावरचा लिंब किंवा बाभूळ पाडली की वडिलांना बोलावणं यायचं. खोडावर थाप मारून ते सांगायचे, यात चौकट निघेल की नुसतं जळण. पुढं बांध मोडून वावरं सलग झाली, रस्ता रुंद करताना जुनी झाडं गेली. मग सोलापूरच्या वखारीतून परदेशी लाकूड येऊ लागलं. त्याचं नावही वडिलांना ठाऊक नसायचं. नंतर प्लायवूड आलं, आणि त्यांना बोलावणारे कमी झाले.

दोन वर्षांपूर्वी आम्ही तुळजापुरात घर बांधलं. दारं ठेकेदारानं तयारच आणली. वडिलांना मी विचारलंच नाही. त्यांचे हात थरथरतात, उगाच त्रास कशाला, असं मी मनाला सांगत होते. खरं तर तयार दार गुळगुळीत होतं आणि मला तेच हवं होतं.

फरशी बसल्यावर दार खाली घासू लागलं. ठेकेदार फोन उचलेना. शेवटी वडिलांनाच बोलावलं. ते हत्यारांची पिशवी घेऊन एसटीनं आले. दार उतरवून आडवं टाकलं, खालून दोन-तीन बोटं कापलं आणि थांबले. कडेला तेवढी एक लाकडी पट्टी, आत पुठ्ठा होता, मधाच्या पोळ्यासारखा, सगळा पोकळ.

"यात लाकूड न्हाय," ते म्हणाले. "कागद हाय."

"आता सगळीकडं अशीच येतात, आण्णा."

"व्हय." मग खाली बघतच म्हणाले, "मला इचारायचं तरी हुतं, बाई."

मी चहाच्या निमित्तानं आत गेले आणि ओट्याशी नुसती उभी राहिले. बाहेर आले तेव्हा कापलेल्या तुकड्यातली लाकडी पट्टी सोडवून ते ती रंध्यानं तासत होते. गोंद लावून त्यांनी ती दाराच्या पोकळीत बसवली. हात थरथरत होते म्हणून पट्टी मी धरली.

"पाणी लागलं तर आतून फुगंल. फरशी धुताना तुम्ही ध्यान ठेवा," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले.

दार नीट लागतं. त्यानंतर वडिलांनी कुणाचं दार केलेलं नाही. परवा मी त्यांच्याकडं बसायला एक पाट करून मागितला.

"बघू," म्हणाले, "लाकूड घावलं तर."